थ्रो लाईनबाहेर गेला तर रनरला किती बेस? सॉफ्टबॉल-बेसबॉलचा ओव्हरथ्रो नियम सोप्या भाषेत

यवतमाळ : शाळा सुरू झाल्या की काही दिवसांतच तालुक्या-तालुक्यात शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक लागते. कबड्डी, खो-खो सगळ्यांना समजते. क्रिकेटचे तर विचारूच नका, गावात प्रत्येक जण पंच आहे. पण सॉफ्टबॉल किंवा बेसबॉलचा सामना लागला की काठावर उभे असलेले मायबाप गोंधळून जातात. थ्रो फिल्डरच्या डोक्यावरून गेला, बाजूच्या तुरीत शिरला, पंचांनी हात वर करून खेळ थांबवला. एका रनरला थेट होमला पाठवले आणि दुसरीला, जी धावत पुढे पोचली होती, तिला मागच्या बेसवर आणले. लगेच आरडाओरड सुरू. "असं काहून? ती तर पोचली होती ना!"

वाद होतो तो बहुतेक वेळा एकाच नियमावर. त्याला ओव्हरथ्रो म्हणतात. नियम अवघड नाही, पण तो नीट सांगणारे कमी. म्हणून आज हा विषय सविस्तर.

हे समजून घेणे गरजेचे का?

आपल्या जिल्ह्यात १६ तालुके. वणी, झरी जामणीच्या टोकापासून उमरखेड, महागावपर्यंत. तालुक्यात जिंकले की जिल्हा, जिल्हा जिंकला की अमरावती विभाग, मग राज्य आणि पुढे राष्ट्रीय, अशी ही शिडी आहे. दहावी-बारावीला खेळाडू विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणाला काय मिळेल ते खेळ, स्पर्धेचा स्तर आणि प्रमाणपत्र यांवर ठरते. पण शिडीची पहिली पायरी तालुक्याचे मैदान हीच आहे.

आता विचार करा. सामना बरोबरीत, शेवटचा डाव, आणि ओव्हरथ्रोवर एक बेस चुकीचा दिला गेला. एका धावेने निकाल फिरतो. ज्या पोरी पहाटेच्या एसटीने डबा बांधून आल्या, त्यांचे वर्ष तिथेच संपते. पंचांवर ओरडून ती धाव परत येत नाही. नियम माहीत असला तर योग्य वेळी, योग्य शब्दांत विचारता तरी येते.

आधी खेळाची तोंडओळख

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे असतात : होम प्लेट, पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस. बॅटर होमवर उभी राहते. चेंडू मारून ती पहिल्या बेसकडे पळते, तेव्हापासून ती रनर. तिन्ही बेस क्रमाने शिवून पुन्हा होमला आली की एक धाव. तीन जणी आऊट झाल्या की बॅटिंग बदलते.

सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर १८.२९ मीटर म्हणजे ६० फूट असते आणि सामना ७ डावांचा असतो. बेसबॉलचे मैदान मोठे. तिथे हे अंतर २७.४३ मीटर म्हणजे ९० फूट, आणि मोठ्यांच्या सामन्यात ९ डाव. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर असते, म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत पळणे हे साधारण एक धाव काढण्याएवढेच. त्यामुळे सगळा खेळ क्षणांचा असतो आणि घाईत थ्रो हमखास चुकतो.

पहिला प्रश्न : चेंडू जिवंत आहे की डेड?

ओव्हरथ्रो झाला की सगळ्यात आधी हेच बघायचे.

थ्रो फिल्डरला चुकला, पण चेंडू मैदानातच आहे, तर चेंडू जिवंत. रनर पाहिजे तितके पळू शकते, पण स्वतःच्या जोखमीवर. फिल्डरने चेंडू आणून तिला बेसच्या बाहेर असताना टॅग केले तर ती आऊट. इथे फुकट काहीच मिळत नाही. "ओव्हरथ्रो झाला की एक बेस मिळतोच" असे आपल्याकडे बरेच जण छातीठोक सांगतात. असा नियम नाही.

थ्रो मैदानाच्या हद्दीबाहेर गेला, म्हणजे आखलेल्या रेघेपलीकडे, कुंपणाबाहेर, खेळाडू बसतात त्या डगआऊटमध्ये किंवा जाळीत अडकला, तर चेंडू डेड. पंच दोन्ही हात वर करून खेळ थांबवतात. आता कोणी आऊट होऊ शकत नाही आणि आपल्या मनाने पुढेही जाऊ शकत नाही. कोणाला किती बेस द्यायचे ते पंच ठरवतात.

दुसरा प्रश्न : किती बेस आणि कुठून मोजायचे?

मैदानात असलेल्या फिल्डरचा थ्रो बाहेर गेला तर प्रत्येक रनरला दोन बेस. खरी गोम आहे ती मोजायचे कुठून यात.

मोजणी रनरने शेवटचा जो बेस शिवला तिथून होते. ती ज्या बेसकडे पळत होती तिथून नाही. "पळत होती तो एक आणि वरून एक" हे गणित आपल्याकडे फार चालते. पुष्कळदा उत्तर सारखेच येते, म्हणून ते खरे वाटते. पण रनर मागे फिरली असेल तेव्हा हे गणित फसते.

आणि शेवटचा बेस कोणत्या क्षणी शिवलेला? सॉफ्टबॉलमध्ये याचे उत्तर एकच : थ्रो फिल्डरच्या हातातून सुटला तो क्षण. चेंडू रेघ ओलांडतो तो क्षण धरत नाहीत. पंचांनी हात वर केला तो क्षणही धरत नाहीत. चेंडू हवेत असताना रनरने आणखी एक बेस शिवला तरी तो मोजणीत येत नाही.

तीन उदाहरणे पाहू.

उदाहरण १. बेस रिकामे आहेत. बॅटरने चेंडू शॉर्टस्टॉपकडे मारला. शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसकडे फेकला, तो उंचावरून बाहेर गेला. थ्रो सुटला तेव्हा बॅटर पहिल्या बेसला पोचली नव्हती. होमपासून दोन बेस, म्हणजे तिला दुसरा बेस. चेंडू बाहेर जाईपर्यंत ती पहिला बेस शिवून पुढे निघाली असली तरी दुसराच.

उदाहरण २. पहिल्या बेसवर रनर आहे. बॅटरने चेंडू लांब उजवीकडे मारला. तिथल्या फिल्डरने तो उचलून तिसऱ्या बेसकडे फेकला आणि तो रेघेबाहेर गेला. थ्रो सुटला तेव्हा पुढची रनर दुसरा बेस शिवून पुढे होती आणि बॅटर पहिला बेस शिवून पुढे होती. पुढच्या रनरला दुसऱ्यापासून दोन, म्हणजे ती होमला, एक धाव. बॅटरला पहिल्यापासून दोन, म्हणजे तिसरा बेस. थ्रो हवेत असताना बॅटर दुसऱ्यावर पोचली असेल, तरीही तिसराच. होम नाही.

उदाहरण ३. पहिल्या बेसवर रनर. चेंडू हवेत उंच गेला, रनर कॅच होणार नाही समजून दुसऱ्याच्या जवळ पळाली. पण कॅच झाला. ती माघारी फिरली. फिल्डरने पहिल्या बेसकडे थ्रो केला, तो बाहेर. तिला पहिल्यापासून दोन बेस, म्हणजे तिसरा. पण तिने परत जाऊन पहिला बेस शिवलाच पाहिजे. न शिवता पुढे गेली आणि समोरच्या संघाने अपील केले तर आऊट. मागे फिरलेल्या रनरचे "पळत होती तो एक" हे गणित इथे बसतच नाही, बघा.

आणखी एक गोष्ट. एका बेसवर दोन रनर थांबू शकत नाहीत. पुढच्या रनरला तिसरा मिळाला असेल तर मागच्या रनरला हिशोबाने काहीही येवो, ती दुसऱ्यावरच थांबते.

बेसबॉलमध्ये एक फरक आहे

दोन्ही खेळ सारखे दिसतात आणि पुष्कळ शाळांत एकच शिक्षक दोन्ही शिकवतात. त्यामुळे हा फरक लक्षात ठेवा.

बेसबॉलमध्ये पिचरने चेंडू टाकल्यानंतरचा पहिलाच डाव इनफिल्डर करतो, म्हणजे बेसजवळचा फिल्डर चेंडू उचलून पहिला थ्रो करतो आणि तो बाहेर जातो, तर रनर पिच टाकली तेव्हा कुठे होते तिथून दोन बेस मोजतात. आउटफिल्डरचा थ्रो असेल किंवा इनफिल्डरचा त्यानंतरचा दुसरा थ्रो असेल, तर मात्र सॉफ्टबॉलसारखेच, हातातून सुटला तो क्षण. पहिल्या थ्रोच्या आधीच बॅटरसह सगळे रनर एक-एक बेस पुढे गेलेले असतील तरीही थ्रोचाच क्षण धरतात.

फरक कसा पडतो ते पाहा. पहिल्या बेसवरचा रनर पिचबरोबर पळत सुटला. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे सावकाश चेंडू मारला. शॉर्टस्टॉपने फेकेपर्यंत रनरने दुसरा बेस शिवला, बॅटर अजून पहिल्याला पोचायचा आहे. थ्रो बाहेर. सॉफ्टबॉल असेल तर त्या रनरला होम. बेसबॉल असेल तर पिचच्या वेळी तो पहिल्यावर होता, म्हणून तिसरा बेस. तोच चेंडू, तीच धाव, पण एका खेळात धाव मिळते आणि दुसऱ्यात नाही.

एकच बेस कधी मिळतो?

- पिचरने बॅटरला टाकलेला चेंडू कॅचरला चुकून थेट हद्दीबाहेर गेला, तर रनरना एक बेस.
- बेसबॉलमध्ये पिचरने आपल्या रबरवर पाय ठेवूनच रनरला पकडायला बेसकडे थ्रो केला आणि तो बाहेर गेला, तर एक बेस. पण त्याने आधी रबरवरून पाय मागे काढला असेल तर तो साध्या इनफिल्डरसारखा धरतात, मग दोन बेस.
- फिल्डरने चेंडू पकडला आणि तोल जाऊन ती स्वतःच चेंडूसह रेघेबाहेर गेली, तर एक बेस.

बॅटरने मारलेला चेंडू टप्पा पडून हद्दीबाहेर गेला तर तो ओव्हरथ्रो नाहीच. तिथे बॅटरला आणि सगळ्या रनरना पिचच्या वेळेपासून दोन बेस मिळतात.

चेंडू रनरला लागला तर?

फिल्डरने फेकलेला चेंडू पळणाऱ्या रनरला चुकून लागला आणि दुसरीकडे गेला, तर चेंडू जिवंत राहतो, खेळ चालू. रनरची चूक नाही. पंचांना चुकून लागला तरी तसेच. पण रनरने मुद्दाम हात घातला, खांदा घातला किंवा चेंडू अडवला, तर ती आऊट.

बॅटने मारलेल्या चेंडूचे वेगळे आहे. तो इनफिल्डरच्या पलीकडे जाण्याआधी बेस सोडलेल्या रनरला लागला तर ती आऊट, मुद्दाम असो की नसो. काठावरचे लोक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात.

उलट बाजूही आहे. हातात चेंडू नसताना फिल्डर रनरच्या वाटेत उभी राहिली आणि रनर अडखळली, तर तो अडथळा. अडथळा नसता तर रनर जिथे पोचली असती तो बेस पंच देऊ शकतात.

फुकटचे बेससुद्धा शिवूनच जायचे

दोन बेस मिळाले म्हणून मैदान ओलांडून सरळ चालत जाता येत नाही. प्रत्येक बेस क्रमाने पायाने शिवावाच लागतो. आनंदाच्या भरात पोट्टे नेमके इथे चुकतात. बेस शिवला नाही हे पंचांनी पाहिले तरी ते आपणहून बोलत नाहीत. समोरच्या संघाने अपील केले तरच ते निर्णय देतात. म्हणून शिक्षकांनी सरावात चेंडू डेड असतानाही बेस शिवायची सवय लावावी.

क्रिकेटवाल्यांनीही हा क्षण ओळखावा

"हातातून सुटला तो क्षण" हे वाचून क्रिकेट खेळणाऱ्यांना काही आठवले असेल. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंडला ३ चेंडूंत ९ धावा हव्या होत्या. बेन स्टोक्स दुसऱ्या धावेसाठी झेपावला, मार्टिन गप्टिलचा थ्रो त्याच्या बॅटला लागून सीमापार गेला. पंचांनी ६ धावा दिल्या. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकारांच्या संख्येवर इंग्लंड जिंकले. नंतर माजी पंच सायमन टॉफेल यांनी सांगितले की ५ धावाच द्यायला हव्या होत्या.

कारण क्रिकेटचा नियम १९.८. ओव्हरथ्रो सीमापार गेला तर चौकाराच्या ४ धावा, पूर्ण झालेल्या धावा आणि चालू असलेली धाव मिळते. पण चालू धाव तेव्हाच धरतात जेव्हा थ्रो सुटला त्या क्षणी दोन्ही फलंदाज एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. गप्टिलने फेकले तेव्हा स्टोक्स आणि आदिल रशीद यांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडले नव्हते. म्हणजे १ अधिक ४, एकूण ५.

कापसाची वेचणी उरकली की गावोगावी टेनिस बॉलचे सामने लागतात. तिथेही "ओव्हरथ्रोला फक्त चौका" किंवा "पळतील तितके अधिक चौका" असे दोन्ही प्रकार चालतात. दोन्ही अपुरे आहेत. थ्रोच्या वेळी फलंदाज कुठे होते, हे बघितल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही.

लॉर्ड्सवर डझनभर कॅमेरे असताना हा क्षण निसटला. आपल्या तालुक्याच्या मैदानावर तर पुष्कळदा एक किंवा दोनच पंच असतात. सगळ्यांच्या नजरा चेंडूमागे धावतात आणि रनरकडे कोणीच बघत नाही. दोन पंच असतील तर एकाने चेंडू बघावा आणि दुसऱ्याने रनर. एकटाच पंच असेल तर थ्रो सुटताच चटकन एक नजर बेसकडे टाकावी, चेंडू कुठे जातो ते नंतर बघता येते. डेड झालेला चेंडू काही पळून जात नाही.

सामन्याआधी पाच मिनिटे द्या, भांडण वाचवा

मोठ्या मैदानाला कुंपण असते. आपल्याकडे एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला कोणाचे तरी वावर, धुऱ्यावर निंबाचे झाड आणि झाडाखाली मोटारसायकली. चेंडू "बाहेर" कुठे गेला हेच ठरलेले नसेल तर नियम माहीत असूनही उपयोग नाही. मागच्या हंगामात एका मैदानावर पाहिले, चेंडू उभ्या मोटारसायकलला लागून परत आला. एक संघ म्हणे जिवंत, दुसरा म्हणे डेड. पंधरा मिनिटे खेळ थांबला, कारण आधी कोणी काही ठरवलेच नव्हते.

नाणेफेकीच्या वेळी पंच आणि दोन्ही संघांच्या शिक्षकांनी हे ठरवून घ्यावे :

१. हद्दीची रेघ कोणती? दोन्ही बाजूंनी फाऊल लाईनपासून साधारण ८ मीटर म्हणजे २५ फूट अंतरावर चुन्याची रेघ मारून घ्या. चुना नसेल तर दोरी चालेल.
२. झाड, खांब, भिंत यांना चेंडू लागला तर जिवंत की डेड?
३. पिकात गेलेला चेंडू रेघ ओलांडताच डेड. कोणी शोधत बसायचे नाही, पऱ्हाटीही तुडवली जाणार नाही.
४. प्रेक्षक आणि गाड्या रेघेमागे. प्रेक्षकाने चेंडूला हात लावला तर खेळ तिथेच थांबतो आणि पुढचा निर्णय पंचांचा.
५. बॅट, बॅगा, पाण्याच्या बाटल्या डगआऊटमध्ये. बॅटिंग करणाऱ्या संघाचे सामान मैदानात पडले असेल आणि त्याला चेंडू लागून समोरच्यांचा आऊट हुकला, तर सॉफ्टबॉलमध्ये तुमची रनर आऊट दिली जाऊ शकते.

निर्णय पटला नाही तर काय करायचे?

दोन प्रकार असतात. "रनर बेसवर आधी पोचली की चेंडू" हा पंचांच्या नजरेचा निर्णय. त्यावर आक्षेप चालत नाही, कितीही ओरडा. पण नियमच चुकीचा लावला असेल, जसे दोनऐवजी एक बेस दिला, किंवा चेंडू बाहेर गेला त्या क्षणापासून मोजले, तर आक्षेप घेता येतो. तो पुढची पिच पडण्याआधी घ्यायचा. एकदा पिच पडली की वेळ गेली. लेखी आक्षेप कोणाकडे आणि कसा द्यायचा ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात असते. सामन्याआधी ते मागून वाचून घ्या.

आणि बोलायचे शिक्षकांनी किंवा कॅप्टनने, काठावरच्या पन्नास जणांनी नाही. शांतपणे एवढेच विचारा : "सर, थ्रो सुटला तेव्हा आमची रनर कोणत्या बेसवर धरली?" या एका प्रश्नाने पंचांना तो क्षण पुन्हा आठवावा लागतो, दुसऱ्या पंचांना विचारावे लागते. मग चूक दुरुस्त होण्याची शक्यता असते. शिव्या दिल्या तर ती शक्यताही जाते आणि आपलीच पोरं बाहेर बसतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

- थ्रो चुकला पण चेंडू मैदानात : खेळ चालू, फुकट बेस नाही.
- फिल्डरचा थ्रो हद्दीबाहेर : दोन बेस.
- पिच हद्दीबाहेर : एक बेस.
- मोजणी शेवटी शिवलेल्या बेसपासून.
- सॉफ्टबॉल : थ्रो हातातून सुटला तो क्षण.
- बेसबॉल : इनफिल्डरचा पहिला थ्रो असेल तर पिचची वेळ, एरवी थ्रोची.
- आक्षेप पुढच्या पिचच्या आधी.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटसोबत बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही परत येत आहेत. तिथे जे नियम लागतील तेच मूळ नियम आपल्या शाळेच्या मैदानावरही लागतात. तुमच्या गावातली पोरं या हंगामात खेळणार असतील तर ही माहिती शाळेच्या ग्रुपवर आणि क्रीडा शिक्षकांना जरूर पाठवा. सामन्याच्या दिवशी मोबाईलमध्ये उघडून ठेवा, कामी येईल.